धूमकेतू, अतिनवतारे, सक्रिय दीर्घिका: तेज मोजताना नेमका कुठला प्रकाश मोजायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं तुम्ही साताऱ्याजवळच्या तुमच्या गच्चीवरून रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या प्रती डोळ्यांनी अंदाजून नोंदवताय (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी). हाताशी सहा इंची डॉबसोनियन दुर्बीण, १०×५० ची द्विनेत्री आणि एक डीएसएलआर आहे. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास त्सुचिन्शान-अ‍ॅटलस धूमकेतू दुर्बिणीतून मोजलात, तर तुमचा आकडा इतरांपेक्षा जवळजवळ एका प्रतीने फिका आला. आता अतिनवतारे (स्फोट होऊन भडकलेले तारे) आणि सक्रिय दीर्घिकाही (ज्यांचं केंद्र फार तेजस्वी असतं) मोजायचं मनात आहे. पण आपला डोळा कमी पडतोय का, आणि आकाशभर स्वयंचलित सर्वेक्षणं चालू असताना अशा नोंदींना काही किंमत उरली आहे का, अशी शंका तुम्हाला येतेय.

डोळ्याची काळजी सोडा. दोन वर्षं ताऱ्यांवर घालवलेल्या माणसाचा डोळा तयार झालेला असतो. खरी अडचण दुसरीकडे आहे. रूपविकारी तारा ठिपका असतो आणि तुलनातारेही, म्हणजे ज्यांची प्रत आधीच माहीत आहे असे तारेही, ठिपकेच. ठिपक्याशी ठिपका ताडून पाहताना 'नेमका कुठला प्रकाश मोजायचा' हा प्रश्न कधी पडतच नाही. तुम्ही ज्या तीन गोष्टींकडे वळताय, तिथे तो पहिल्याच रात्री समोर येतो. धूमकेतू म्हणजे कडा नसलेला पुसट डाग. अतिनवतारा ठिपकाच, पण उजळ दीर्घिकेवर बसलेला. सक्रिय दीर्घिकेत मधला ठिपका आणि भोवतीची दीर्घिका एकमेकांत मिसळून गेलेली. तिन्ही ठिकाणी आकडा लिहिण्याआधी ठरवावं लागतं, की मी कुठपर्यंतचा प्रकाश धरणार आहे. एकदा ठरवलं की त्यात बदल करायचा नाही, आणि काय ठरवलं ते नोंदीत लिहायचं. बाकीचं सगळं यातूनच निघतं, म्हणून एकेक घेते.

धूमकेतूवर जरा जास्त बोलते, कारण तुमची अडचण तिथली आहे आणि डोळ्याने करण्यासारखं सर्वांत मोलाचं कामही तिथेच आहे.

धूमकेतूच्या दोन वेगवेगळ्या प्रती नोंदवल्या जातात. संपूर्ण कोमाचा (धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या धूसर आवरणाचा) मिळून प्रकाश ती एम१, आणि मधल्या केंद्रकासारख्या भागापुरता प्रकाश ती एम२. एकाच धूमकेतूच्या एकाच रात्रीच्या या दोन आकड्यांत कित्येक प्रतींचं अंतर असू शकतं. डोळ्याने आपण एम१ चा अंदाज करतो, म्हणजे कोमाच्या कडेचा तो अगदी पुसट भागही त्यात धरायचा असतो. आता होतं काय, की दुर्बीण मोठी झाली आणि मॅग्निफिकेशन वाढलं, की तोच पुसट कडेचा भाग पार्श्वभूमीत विरघळतो आणि डोळा फक्त मधल्या घट्ट भागाची बेरीज करतो. म्हणून मोठ्या दुर्बिणीतून धूमकेतू हमखास फिका मोजला जातो. यात निरीक्षकाचा दोष नसतो. तुम्ही सहा इंचीतून मोजलात आणि इतर बहुतेकांनी द्विनेत्रीतून, एवढ्यावरच तुमच्या एका प्रतीतला मोठा वाटा उलगडतो. नियम सोपा आहे: ज्या लहानात लहान साधनातून धूमकेतू सहज दिसतो, त्याच साधनाने मोजा. तेव्हा तुमची १०×५० पुरेशी होती. सहा इंची दुर्बीण त्या रात्री शेपटीचा तपशील पाहायला वापरायची.

दुसरी गोष्ट पद्धतीची. डागाची तुलना ठिपक्याशी करता येत नाही, म्हणून ताऱ्याचा फोकस बिघडवून त्याचाही डाग करावा लागतो. यात तीन पद्धती रूढ आहेत. सिजविक पद्धतीत धूमकेतू नीट फोकसमध्ये पाहायचा, त्याच्या पृष्ठभागाची सरासरी उजळी डोक्यात पक्की करायची, मग तुलनातारा कोमाएवढा मोठा होईपर्यंत फोकसबाहेर काढायचा आणि आठवणीतल्या उजळीशी ताडायचा. बॉब्रोव्हनिकॉफ पद्धतीत धूमकेतू आणि तारा दोन्ही एकदमच फोकसबाहेर काढायचे, दोन्ही सारख्याच आकाराचे दिसेपर्यंत. मॉरिस पद्धत मधली आहे: धूमकेतू फोकसबाहेर एवढाच काढायचा की त्याची उजळी मधोमध आणि कडेला साधारण एकसारखी व्हावी, ती लक्षात ठेवायची, आणि मग तारे तेवढ्याच आकाराचे करून पाहायचे.

कोणती वापरायची हे धूमकेतूवर अवलंबून आहे. धूमकेतू मध्याकडे किती घट्ट आहे, हे ० ते ९ या मापावर लिहितात. ० म्हणजे सगळीकडे सारखा धूसर, ९ म्हणजे जवळजवळ ताऱ्यासारखा. हा आकडा २-३ असेल तर सिजविक चांगली चालते. ७-८ असेल तर बॉब्रोव्हनिकॉफ. मधल्या बहुतेक धूमकेतूंसाठी मी मॉरिस वापरते. घट्ट धूमकेतूवर सिजविक वापरली तर मधला तेजस्वी भाग डोळ्याला कुठे धरायचा तेच कळत नाही आणि आकडा हलत राहतो. पद्धत कोणतीही असो, ती नोंदीत लिहा, कारण एकाच धूमकेतूवर मध्येच पद्धत बदलली की प्रकाशवक्राला, म्हणजे वेळेनुसार तेजाच्या आलेखाला, खोटा गुडघा येतो.

पसरलेल्या प्रकाशाने डोळा किती फसतो याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण १७पी/होम्स हे आहे. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये हा धूमकेतू सतराव्या प्रतीचा, म्हणजे आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. २४ ऑक्टोबरच्या सुमारास दोनेक दिवसांत तो तिसऱ्या प्रतीच्याही आत आला, म्हणजे तेज काही लाख पटींनी वाढलं. ययाती तारकासमूहात एक नवा 'तारा' नुसत्या डोळ्यांना दिसू लागला. पुढच्या काही आठवड्यांत तो दिसायला फिका फिका होत गेला, आणि अनेकांना वाटलं की तो उतरणीला लागला. पण एकूण प्रकाश फारसा कमी झाला नव्हता. कोमा पसरत चालला होता, इतका की नोव्हेंबरमध्ये त्याचा व्यास सूर्यापेक्षा मोठा झाला. चमचाभर तूप फुलक्याला लावलं काय आणि मोठ्या भाकरीला लावलं काय, तूप तेवढंच, पण भाकरीवर ते नावालाच दिसतं. ज्यांनी लहान द्विनेत्रीतून, तारे तेवढेच मोठे करून मोजलं, त्यांचे आकडे जवळपास सपाट राहिले. ज्यांनी मोठ्या दुर्बिणीतून फक्त मधला भाग धरला, त्यांच्या वक्राला उतार लागला. दोघांनीही दिसलं तेच लिहिलं होतं, मोजलेला प्रकाश मात्र वेगळा होता.

आता तुमच्या दिवाळीच्या नोंदीतला उरलेला भाग. हवेचा थर विसरू नका. क्षितिजापासून २० अंशांवर आपण डोक्यावरच्या जवळजवळ तिप्पट हवेतून पाहतो, १० अंशांवर साडेपाचपट. डोक्यावर पाव प्रत प्रकाश गिळला जातो असं धरलं, तर १० अंशांवर जवळपास दीड प्रत जाते. ऑक्टोबरच्या मध्यात तो धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला बराच खाली होता. दिवाळीपर्यंत भुजंगधारीत वर चढला होता, पण तेव्हा फटाक्यांचा धूर होता, आणि धुराचं गिळणं रात्रीगणिक, कधी तासागणिक बदलतं. उपाय एकच: तुलनातारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्या. डोक्यावरचा सोयीचा तारा आणि पश्चिमेला टेकलेला धूमकेतू अशी तुलना केली, तर आकडा फिका येणारच. उंची जुळवणं शक्य नसेल तर दोघांची उंची लिहून ठेवा, म्हणजे नंतर दुरुस्ती करता येते.

आणि मोजण्याआधी त्या दिवशीची भाकीत केलेली प्रत पाहू नका. धूमकेतूंच्या बाबतीत हे मी फार आग्रहाने सांगते. रूपविकारी ताऱ्यात मागचा आकडा माहीत असला तर थोडा कल येतो, पण धूमकेतूचा डाग इतका लवचिक असतो की डोळा अपेक्षेकडे अर्धी प्रत सहज सरकतो.

धूमकेतूच्या आकड्यांचा अर्थ लावताना अंतराचं गणित आधी बाजूला काढावं लागतं. पृथ्वीपासूनचं अंतर दुप्पट झालं की धूमकेतू दीड प्रत फिका होतो, हे निव्वळ भूमितीने. सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं तर सर्वसाधारण धूमकेतू आणखी तीन प्रती उतरतो, कारण सूर्याचा प्रकाशही कमी मिळतो आणि बर्फाचं वायूत रूपांतरही मंदावतं. यातला दुसरा भाग धूमकेतूगणिक बदलतो, आणि तो शोधण्यासाठीच या सगळ्या नोंदी लागतात. पहिल्यांदाच आत येणारे धूमकेतू पुष्कळदा लांब असतानाच चमकतात आणि मग वाढीचा वेग मंदावतो. १९७३ च्या कोहूटेकने याच कारणाने जगाची निराशा केली. २०१३ चा आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना विरूनच गेला. त्सुचिन्शान-अ‍ॅटलसचा ९ ऑक्टोबर २०२४ च्या सुमारासचा शिखरबिंदू तर धूमकेतूच्या सक्रियतेचा नव्हताच म्हणायला हरकत नाही. तेव्हा तो जवळपास पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये आला होता आणि त्याच्या धुळीने सूर्यप्रकाश पुढच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे, विखुरला. असा कोन लक्षात न घेता वक्र काढला, तर अचानक स्फोट झाल्यासारखं दिसतं.

अतिनवताऱ्यांकडे येते. सहा इंची दुर्बिणीच्या आवाक्यात ते नेहमी येत नाहीत. अकरा-बाराव्या प्रतीचा अतिनवतारा काही वर्षांतून एखादाच येतो, पण आला की तो सोडू नये. २०११ मध्ये एम १०१ या दीर्घिकेतला (एम म्हणजे मेसिए यांच्या जुन्या यादीतला क्रमांक) अतिनवतारा २०११एफई दहाव्या प्रतीपर्यंत गेला, पण सप्टेंबरमध्ये, म्हणजे आपल्याकडे पाऊस चालू असताना. २०१४ च्या जानेवारीत एम ८२ मधला २०१४जे साडेदहापर्यंत आला, आणि तो मात्र ऐन आपल्या स्वच्छ हंगामात. १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकी यांना एम १०१ मध्येच २०२३आयएक्सएफ सापडला. काही दिवसांत तो अकराव्या प्रतीच्या आसपास पोचला आणि पावसाळ्याच्या आधीचा थोडा काळ आपल्याला मिळाला. साताऱ्याच्या अक्षांशावरून एम १०१ जास्तीत जास्त ५३ अंशांपर्यंत चढतो, एम ८२ साधारण ३८ पर्यंत. दोन्ही सप्तर्षीत, दोन्ही आपल्याकडून नीट दिसणारे.

इथे पार्श्वभूमीचा त्रास दीर्घिकेप्रमाणे बदलतो. एम १०१ ची एकूण प्रत आठच्या आसपास असली तरी ती इतकी पसरट आहे, की शहराच्या उजेडात दीर्घिका अजिबात दिसत नाही आणि अतिनवतारा मात्र स्वच्छ दिसतो. तिथे तुम्ही नेहमीच्या ताऱ्यासारखाच अंदाज करू शकता. एम ८२ उलट, लहान, उजळ आणि ठिगळाठिगळांची. तिच्यावर बसलेला ठिपका डोळ्याला खऱ्यापेक्षा फिका भासतो. अशा वेळी मॅग्निफिकेशन वाढवायचं, धूमकेतूच्या नेमकं उलट. दीर्घिकेचा उजेड पसरून फिका होतो आणि ठिपका ठिपकाच राहतो. तुमच्या दुर्बिणीला १५० पटींच्या आसपास चांगलं पडेल. तुलनाताऱ्यांत फार लालसर तारा असेल तर तो सोडा. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो हळूहळू जास्त उजळ वाटू लागतो. टक न लावता झटपट नजर टाकत ठरवा.

कॅमेऱ्याने मोजणार असाल तर याच अडचणीचं दुसरं रूप दिसेल. सॉफ्टवेअर ताऱ्याभोवती एक वर्तुळ काढतं आणि त्याच्या बाहेरच्या कड्यातून आकाशाचा उजेड वजा करतं. अतिनवताऱ्याच्या बाबतीत ते कडं दीर्घिकेच्या बाहूवर पडतं, कधी दोन बाहूंमधल्या काळोखात. सुरुवातीला अतिनवतारा तेजस्वी असतो म्हणून हे जाणवत नाही. तो पंधराव्या प्रतीकडे उतरू लागला की वर्तुळात त्याच्यापेक्षा दीर्घिकेचाच प्रकाश जास्त भरतो आणि तुमचा वक्र सपाट होतो. तो सपाटपणा खरा की खोटा हे ओळखायला भौतिकशास्त्राची मदत होते. उशिराच्या काळात अतिनवताऱ्याचं तेज कोबाल्ट-५६ च्या किरणोत्सारावर चालतं, आणि त्याचा अर्धायुकाल ७७ दिवसांचा. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा (जड तारा कोसळून होणारा) अतिनवतारा शंभर दिवसांत साधारण एक प्रत उतरतो, पहिल्या-अ प्रकारचा (श्वेतबटूच्या स्फोटाचा) त्याहून थोडा वेगाने. महिनोन् महिने तुमचा आकडा हललाच नाही, तर तुम्ही दीर्घिका मोजताय असं समजा. यावर चांगला तोडगा म्हणजे पुढच्या वर्षी, अतिनवतारा पुरता मावळल्यावर, त्याच सामग्रीने त्याच भागाचं चित्र घ्यायचं आणि जुन्या चित्रांतून ते वजा करायचं. थांबावं लागतं, पण आकडे भरवशाचे होतात. दुसऱ्या प्रकारच्या काही अतिनवताऱ्यांत शिखरानंतर सुमारे शंभर दिवसांचं पठार खरोखरच असतं, तेव्हा प्रकार कळल्याशिवाय निष्कर्षावर उडी मारू नका.

आपण स्वतः शोधू शकू का, हेही तुमच्या मनात असेलच. ऑस्ट्रेलियातले रॉबर्ट एव्हान्स नावाचे पाद्री शेकडो दीर्घिकांची दृष्टिक्षेत्रं पाठ करून, डोळ्याने पाहून, चाळीसहून अधिक अतिनवतारे शोधून गेले. आज ती स्पर्धा यंत्रांशी आहे. तरी २०१४जे ची हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवत होते, ढग येऊ लागले म्हणून त्यांनी एम ८२ लावला आणि नवा ठिपका दिसला. मग जगभरातल्या लोकांनी आपापली जुनी चित्रं काढली, तर जवळपास आठवडाभर आधीपासून तो त्यांत होता, कोणी पाहिलाच नव्हता. म्हणून तुम्ही एम ५१, एम ८१, एम ८२, एम १०१, एम ६६ या दीर्घिकांची चित्रं दर अमावास्येला घेत जा, आणि घेतल्या रात्रीच जुन्या चित्राशी ताडून पाहा. नवा ठिपका दिसला तर आधी लघुग्रहांची यादी तपासा, दोन तासांनी पुन्हा चित्र घ्या, मगच कुणाला सांगा.

सक्रिय दीर्घिकांत तुम्हाला सवयीची वाट सापडेल, कारण त्यांतल्या काही आधी रूपविकारी तारे म्हणूनच नोंदल्या गेल्या होत्या. सरठ समूहातला बीएल लॅसर्टी कुनो होफमाइस्टर यांनी १९२९ मध्ये अनियमित रूपविकारी तारा म्हणून जाहीर केला. तो दूरच्या दीर्घिकेचं केंद्र आहे हे खूप नंतर कळलं. त्याचं ताऱ्यांच्या पद्धतीचं नाव अजून तेच आहे. एरवी चौदा-पंधराव्या प्रतीचा हा ठिपका २०२०-२१ मध्ये भडकून बाराव्या प्रतीच्या आसपास आला होता. आपल्या दृष्टीने त्याची सोय अशी, की पावसाळा संपतो तेव्हा तो संध्याकाळी वर असतो, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत.

तुमच्या सहा इंचीला डोळ्याने साधतील अशा दोन: एनजीसी ४१५१ आणि ३सी २७३. शामशबल समूहातली एनजीसी ४१५१ अकरा-बाराव्या प्रतीची, तिचं केंद्र ताऱ्यासारखं टोचून दिसतं. कन्येतला ३सी २७३ तेराव्या प्रतीला टेकलेला, त्यामुळे तुमच्या गच्चीवरून अमावास्येच्या आसपास, तिरक्या नजरेने, जेमतेम. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच ठिपक्याच्या वर्णपटाचं कोडं सोडवलं आणि क्वेसार (अतिशय तेजस्वी सक्रिय केंद्रं) किती दूर असतात ते कळलं. त्याचा प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षं प्रवास करून येतो. लहान दुर्बिणीतून डोळ्याने पाहता येणाऱ्या सर्वांत दूरच्या गोष्टींपैकी ही एक आहे. तिच्यासाठी गच्ची सोडून अंधाऱ्या माळावर जावं लागलं तरी जा.

या दोघांतला फरक मोजणीत महत्त्वाचा आहे. ३सी २७३ दिसायला शुद्ध ठिपका आहे, त्यामुळे ताऱ्याचीच पद्धत चालते. एनजीसी ४१५१ मध्ये दीर्घिकेचा प्रकाश मिसळतो आणि बदल दबतो. समजा तुमच्या वर्तुळात अर्धा प्रकाश केंद्राचा आणि अर्धा दीर्घिकेचा आहे. केंद्राचं तेज दुप्पट झालं, तरी एकूण प्रकाश दीडपटच होतो, आणि पाऊण प्रतीचा बदल ०.४४ प्रतीचा दिसतो. वर्तुळ मोठं घेतलं तर आणखी कमी. म्हणूनच एकाच रात्रीचे दोन निरीक्षकांचे आकडे जुळत नाहीत आणि दोघंही बरोबर असतात. कॅमेऱ्यात वर्तुळाची त्रिज्या कंसाच्या सेकंदांत (अंशाच्या ३६०० व्या भागांत) ठरवून ती कायम ठेवा. डोळ्याने बघताना तेच मॅग्निफिकेशन कायम ठेवा आणि फक्त मधल्या टोकदार ठिपक्याची तुलना करा. मग तुमच्या स्वतःच्या मालिकेतला चढउतार खरा राहील, तो इतरांच्या मालिकेशी एका ठरावीक फरकाने जुळवता येतो.

किती वेळा पाहायचं? ३सी २७३ आणि एनजीसी ४१५१ आठवड्यातून एकदा पुरे. रोज पाहिलं तर डोळ्याची ०.१-०.२ प्रतीची चूकच बदल म्हणून दिसू लागते. ब्लेझर प्रकारच्या (ज्यांचा झोत आपल्या दिशेला रोखलेला असतो अशा) दीर्घिका एका रात्रीतही हलतात, पण तो हलका चढउतार कॅमेऱ्यानेच धरता येतो. भडका उडाल्याची बातमी आली तर मात्र रोज.

कर्केतल्या ओजे २८७ चं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एरवी चौदा ते सोळा प्रतीचा, म्हणजे कॅमेऱ्याचं काम. पण आपल्याकडून तो जवळजवळ डोक्यावरून जातो. त्याचा प्रकाशवक्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेता येतो, कारण भलत्याच कामासाठी काढलेल्या जुन्या काचपट्ट्यांवर तो योगायोगाने उमटला होता. त्या नोंदींतून सुमारे बारा वर्षांची आवर्तनं दिसली आणि दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत असल्याची कल्पना पुढे आली. माउरी वाल्टोनेन आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ए. गोपकुमार यांच्या गटाने मोठ्या कृष्णविवराचं वस्तुमान १८०० कोटी सूर्यांएवढं काढलं. ३१ जुलै २०१९ चा भडका त्यांनी सांगितलेल्या वेळेच्या चार तासांच्या आत आला, आणि तो पृथ्वीवरून दिसत नव्हता म्हणून स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने टिपला. पुढे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अपेक्षित असलेला भडका मात्र दिसला नाही, आणि एका दुसऱ्या गटाने ते कृष्णविवर याहून पुष्कळ हलकं असल्याचं मांडलं. वाद चालू आहे. तो सुटायला अखंड नोंदी लागतील, आणि जगातल्या लहान कॅमेऱ्यांच्या नोंदी त्यात आजही वापरल्या जातात.

आता सर्वेक्षणांबद्दल. तुमची शंका योग्य आहे, पण ती अर्धीच खरी. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा काही दिवसांच्या अंतराने तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपण्यासाठी बांधली आहे, पण साधारण सोळा-सतराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी गोष्टी तिच्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत, चित्रं जळतात. अमेरिकेतल्या पॅलोमारच्या झेडटीएफ या सर्वेक्षणालाही साडेबारा-तेराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी असलेलं अवघड जातं. लहान भिंगांच्या सर्वेक्षणांचे पिक्सेल मोठे असतात, त्यामुळे दीर्घिका आणि ठिपका एकात मिसळतात. सूर्याजवळच्या संधिप्रकाशातला धूमकेतू तर बहुतेक सर्वेक्षणं पाहतच नाहीत. म्हणजे जे तेजस्वी आणि जे सूर्याजवळ आहे, ते अजूनही लहान साधनांकडेच आहे. शिवाय आपलं रेखांश. जपानमधली रात्र सरत येते आणि युरोपातली जेमतेम सुरू होत असते, तेव्हा आपल्याकडे ऐन रात्र असते, आणि या पट्ट्यात निरीक्षक कमी आहेत. लडाखमधल्या हान्ले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण याच फायद्यासाठी चालवली जाते. अतिनवताऱ्याच्या पहिल्या दोन दिवसांत काही तासांची मोकळी जागा भरून निघणं फार मोठं असतं.

तुमच्या डीएसएलआरचा उपयोग होईल, पण आकाशाबरोबर फिरणारी एखादी साधी ट्रॅकिंग बैठक घ्यावी लागेल. हिरव्या रंगाचा भाग वेगळा काढून मोजा आणि नोंदीत तो तसाच, टीजी या खुणेने द्या. तो तारे मोजायच्या प्रमाणित व्ही (हिरवट-पिवळ्या) गाळणीच्या जवळचा आहे, पण व्ही नव्हे. अलीकडच्या पन्नास मिलिमीटरच्या स्मार्ट दुर्बिणीही तासाभराची चित्रं एकत्र करून चौदा-पंधराव्या प्रतीपर्यंत जातात. खर्च करायच्या आधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या कार्यक्रमांत जाऊन लोकांची साधनं हाताळून पाहा.

नोंदी धूमकेतूंच्या असतील तर स्लोव्हेनियातून चालणाऱ्या कॉब्स या संग्रहाला पाठवा, बाकीच्या दोन्हींच्या एएव्हीएसओ या रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेला. तुमची दिवाळीची नोंदही पाठवा, आकडा अजिबात न बदलता, फक्त दुर्बिणीचा व्यास, मॅग्निफिकेशन, पद्धत, कोमाचा व्यास आणि घट्टपणाचा आकडा जोडून. वेळ जागतिक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून द्या, आणि पहाटेच्या नोंदींत तारीख तपासा: १२ तारखेचे पहाटेचे तीन म्हणजे तिथे ११ चे रात्रीचे साडेनऊ. तुलनाताऱ्यांचा नकाशा एएव्हीएसओकडूनच घ्या आणि त्याचा क्रमांक नोंदीत टाका. आणि जे दिसलं नाही तेही लिहा: '१२.८ पर्यंतचे तारे दिसले, ३सी २७३ दिसला नाही' ही पूर्ण नोंद आहे. २९पी/श्वासमान-वाखमान सारख्या, वर्षातून सरासरी सात वेळा भडकणाऱ्या धूमकेतूच्या बाबतीत तर भडका कधी सुरू झाला हे आदल्या रात्रीच्या अशा 'दिसला नाही' वरूनच ठरतं.